‘वर प्रयत्न करा’ लिहिणाऱ्या महाशयांस

घडियाळी पोळ, वडोदरा

रा. रा. भाषांतरकार महाशय यांस,
सा. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. आपण माणूस आहात की यंत्र, हेही कळायला मार्ग नाही. हल्ली माणूस आपलं काम यंत्रावर ढकलतो आणि यंत्राच्या कामावर न वाचता सही करतो, तेव्हा फार चौकशी करण्यात अर्थ नाही. पत्र खुलं ठेवलं आहे. दोघांपैकी ज्याला मराठी वाचता येत असेल त्याने वाचावं.

आधी अभिनंदन. मिक्सरच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर, मोबाइलच्या पडद्यावर, इंग्रजी सिनेमाच्या तळाशी पळणाऱ्या ओळींत, जिथे नजर टाकावी तिथे आपली मराठी पोचली आहे. कपडे विकणाऱ्या एका ॲपवर आमच्या घरात चणियाचोळीचं चित्र उघडलं, तर खालच्या बटणावर आपला हात लगेच ओळखू आला: ‘वर प्रयत्न करा’. मूळ इंग्रजीत ‘ट्राय ऑन’ असणार. त्याच्या वर नवरात्रीचं आमंत्रण होतं. मुळात ‘ड्रेस अप’. त्याचं आपण ‘कपडे वर करा’ केलंत. देवीच्या उत्सवात घरोघरच्या लेकीसुनांना हे सांगायला छाती लागते. माझा नमस्कार घ्या.

पत्ता मुद्दाम ठळक घातला आहे. घडियाळी पोळ म्हणजे वडोदऱ्याच्या जुन्या शहरात मांडवीजवळची दाटीची वस्ती. अंबामातेचं देऊळ, आणि लग्नाच्या नि नवरात्रीच्या कपड्यांनी लटकलेली दुकानं. दुकानदार बहुधा गुजराती, गिऱ्हाइकांत मराठी घरं बरीच. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी माणूस इथे आला आणि तेव्हापासून या गल्ल्यांत दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगावरून ये-जा करतात. दुकानदार म्हणतो, ‘पहेरी जुओ, बेन.’ आई लेकीला म्हणते, ‘घालून बघ.’ तो विचारतो, ‘बांधी आपुं?’ ती म्हणते, ‘बांधून द्या.’ आज पैसे कमी असतील तर त्याचं ‘राखी मूकुं?’ आणि हिचं ‘राखून ठेवा’. भाव जमत नसेल तर ‘जवा दो’ नि ‘जाऊ द्या’. आणि शेवटी सौदा तुटेपर्यंत ताणला की तो स्वतःच ‘चालो, करी नाखो’ म्हणतो, तेव्हा ही मान हलवून ‘करून टाका’ म्हणते. एवढ्या व्यवहारात कोणी शब्दकोश उघडत नाही. ‘नाखवुं’च्या जागी ‘टाकणे’, ‘आपवुं’च्या जागी ‘देणे’, ‘मूकवुं’च्या जागी ‘ठेवणे’. सांध्याला सांधा बसतो.

या पोळेतून आपण एकदा जरी गेला असतात तरी ‘ट्राय ऑन’चं काय करायचं ते विनामूल्य कळलं असतं. पण आपण ‘ऑन’ म्हणजे वर आणि ‘ट्राय’ म्हणजे प्रयत्न असा हिशेब मांडलात. हिशेब बिनचूक आहे. माल मात्र भलताच आला.

इंग्रजीची बाजूही सांगतो, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. ही खोड त्या भाषेची जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये आपला कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं की क्रियापदामागे चिमुकला शब्द लावून अर्थ फिरवायची रीत परक्यांना सगळ्यांत जास्त छळते. (त्या वर्षी वडोदऱ्यावर दमाजीराव गायकवाडांचा अंमल होता. इथे त्या छळाची कोणाला अद्याप खबर नव्हती.) या जोड्यांचं ‘फ्रेझल व्हर्ब’ हे बारसं लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 च्या पुस्तकात केलं; नाव त्याला ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीने सुचवलं होतं. मग 1930 मध्ये सी. के. ऑग्डेन यांनी साऱ्या जगाला सोपी पडावी म्हणून 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ काढली. तीत क्रियापदं फक्त दीड डझन. बाकीचा कारभार गेट, पुट, टेक, गिव्ह यांच्यामागे अप, ऑफ, आउट, इन लावून चालवायचा. शब्द पाठ व्हायला आठवडा पुरे आणि जोड्या कळायला जन्म अपुरा, अशी ती सोय. म्हणजे घोळ इंग्रजांनी घातला हे खरं. पण तो जसाच्या तसा उचलून आमच्या ओटीत घालायची जबाबदारी आपण स्वखुशीने घेतलीत.

मराठीत हे काम दुसरं क्रियापद करतं. ‘सांगणे’ घ्या. सांगून टाकलं: पोटात राहत नव्हतं, एकदाचं बाहेर पडलं, आता पुढचं पुढे. सांगून ठेवलं: उद्या काही झालं तर ‘मी म्हटलं होतं’ म्हणायची तजवीज केली. सांगून पाहिलं: समोरचा ऐकणारा नव्हता. सांगून झालं: माझ्या डोक्यावरचा भार उतरला. सांगून बसलो: आता निस्तरा. आणि सांगत सुटला, म्हणजे त्याला आवरा. सांगण्याची क्रिया एकच आहे, पण सांगणाऱ्याची नियत, ऐकणाऱ्याची तऱ्हा आणि पुढच्या भांडणाचा अंदाज, सगळं त्या मागच्या क्रियापदात बसलेलं आहे. इंग्रजीला यातलं प्रत्येक सांगायला नवं क्रियापद आणावं लागेल, किंवा एखादं आख्खं वाक्य जास्तीचं लिहावं लागेल. कोणाची भाषा सोपी, हे मी ठरवत नाही.

मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा काथ्याकूट केलेला आहे. तो जाडजूड ग्रंथ आपल्याला झेपला नसेल तर स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहावं. तिथे औषध ‘पिऊन टाक’ असतं आणि दूध ‘पिऊन घे’. अदलाबदल करून बघा. दूध ‘पिऊन टाक’ म्हटलं की ते रात्रीपर्यंत नासणार असा संशय येतो. औषध कोणी ‘पिऊन बसला’ म्हटलं की डॉक्टरला फोन करावा लागतो. चार वर्षांच्या पोराला हे कळतं. आपण त्याच पोराला पडद्यावरून ‘तुझं जेवण वर खा’ असं सांगता, आणि ते बिचारं माळ्याकडे बघतं.

सिनेमाच्या ओळींत तर आपल्या प्रतिभेला धरबंदच नाही. बाप मुलावर ओरडतो, ‘ते कापून बाहेर काढ!’, आणि पडद्यावर सुरी दिसत नाही; पोरगा नुसता बोटांनी टेबल बडवतो आहे. ‘पुरे कर’ म्हणायचं होतं. नायिका दुःखाने ‘खाली मोडली’. नायक कुठल्याशा गावात ‘वर वाढला’. खाली वाढणारे आम्हांला अजून भेटलेले नाहीत. आजोबा ‘दूर गेले’ म्हणून सगळे काळे कपडे घालून रडत होते, तेव्हा आमच्याकडच्या एका पाहुण्याने विचारलं, ‘कुठे, अमेरिकेला?’ आणि गुन्हेगार सुटला तेव्हा आपण लिहिलंत, ‘तो त्याच्यासोबत दूर मिळाला.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. मूळ ‘गेट अवे विथ इट’. मराठीत त्याला खपून गेलं म्हणतात. गुन्हा मोठा असेल तर पचला म्हणतात. हे शब्द आमच्याकडे का तयार असावेत, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

‘हँग अप’चं आपण ‘फोन लटकवा’ केलंत, ते मात्र मला मनापासून आवडलं. इंग्रजांचा जुना फोन भिंतीवर असे, बोलणं झालं की कानाचं भोंगं खरंच अडकवावं लागे, त्यावरून तो शब्द. आमच्याकडे घरांत फोन पोचला तो बहुधा टेबलावर, म्हणून आम्ही तो ‘ठेवतो’. आता भिंत गेली, टेबल गेलं, फोन खिशातच असतो, तरी तिकडे अडकवणं चालू आहे आणि इकडे ‘बरं, ठेवू मग?’ चालू आहे. दोन भाषा दोन वाटांनी एकाच वेडेपणाला पोचल्या. आपण दोन्हींच्या मधून गेलात नि दोघींनाही चुकवलंत.

‘पण हे इंग्रजीचं खास वैशिष्ट्य आहे, तुमच्या भाषांना सवय नाही,’ असा बचाव आपल्याकडे तयार असेल. तर संस्कृताकडे बघा. ‘हृ’ धातू, म्हणजे नेणे. त्याच्या पुढे एकेक उपसर्ग लावत गेलं की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. फरक इतकाच की इंग्रज मागे लावतो, पाणिनीचे लोक पुढे लावत. आजवर कोणी आहाराला ‘इकडे आणणं’ म्हटलेलं नाही. विहाराला गेलेल्या माणसाच्या घरी ‘यांचं विशेषकरून हरण झालं’ असा निरोपही कोणी धाडलेला नाही. दोन-अडीच हजार वर्षं हे असं चाललं आहे आणि पाठशाळेतल्या पोरांनाही त्यात अडचण आल्याचं ऐकिवात नाही, कारण ती जोडी एक शब्द म्हणून शिकवली जाते, तुकडे करून नाही.

आता एक गोष्ट आपल्या बाजूची. आपण जिथून घुसलात ते दार आम्हीच उघडं टाकलं होतं. शब्द घडवण्याची हौस मराठीला कमी नाही, पण ती सगळी नामांवर खर्च झाली. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंत्यांनी राजव्यवहारकोश केला. सुमारे 1400 फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत शब्द. बहुतेक सगळी नावं: अधिकाऱ्यांची, शस्त्रांची, वस्तूंची. या आमच्या गावी सयाजीराव महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ करवून घेतला, तो 1931 मध्ये निघाला. एका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय मांडलेले. हिंदुस्थानातल्या किती संस्थानिकांना हे सुचलं असतं! पण तोही कचेरीचा कोश. मग 1960 मध्ये महाराष्ट्र सरकारचं भाषा संचालनालय आलं, 1962 मध्ये पदनाम कोश आला, आणि त्याच्या तर नावातच पद आणि नाम दोन्ही आहेत. विरोधकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवलं. सावरकरांनी ‘महापौर’ दिला, ‘दिनांक’ दिला. माधव ज्यूलियन याच वडोदऱ्यात 1894 मध्ये जन्मले. आधी फारसी-मराठी कोश रचला आणि मग 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून फारसी-इंग्रजी शब्दांवर पहारा बसवला. पहारा चोख होता. पण शिपाई सगळे नामांच्या वेशीवर उभे. क्रियापदांच्या वेशीवर कोणीच नव्हतं, कारण तिथून कोणी शिरेल असं वाटलंच नव्हतं. आपण तिथून आलात, तेही मराठी शब्दांच्या वेषात. ‘वर’ मराठी, ‘प्रयत्न’ तत्सम, ‘करा’ अस्सल तद्भव. शुद्धिवाल्याने झडती घेतली तर एक इंग्रजी अक्षर सापडणार नाही. अंगरखा आमचा, आत माणूस परका. ‘मेकअप’ म्हणणारी मुलगी यापेक्षा कितीतरी शुद्ध मराठी बोलते.

ती बोलते तेच मला मान्य आहे, हेही नोंदवतो. पिकअप, चेकअप, लॉकअप, बॅकअप, फॉलोअप हे शब्द आम्ही आख्खे उचलले, त्यांच्यामागे ‘घेणे’ नि ‘करणे’ लावलं आणि कामाला जुंपलं. गाडी पिकअप घेत नाही, मूड ऑफ आहे, विचार करून करून डोकं आउट झालं. हे इंग्रजाला सांगून बघा, त्याला कळणार नाही, म्हणजे शब्द आमचे झाले. शब्दशः आलेलंही सगळं वाईट नसतं. भाग घेणे, प्रकाश टाकणे, शीतयुद्ध, सुवर्णसंधी, ही सगळी इंग्रजीची पिल्लं. आणि मधुचंद्र तर इतका घरचा झाला की लग्नपत्रिका छापायच्या आधी त्याची तिकिटं निघतात. तेव्हा मी सोवळा नाही. ‘प्रकाश टाकला’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं. ‘कपडे वर करा’ म्हटल्यावरही राहतं, पण ते जाहिरातदाराला नको असावं.

अर्जांबद्दल वेगळं. इंग्रजीत अर्ज ‘फिल इन’ करतात, ‘फिल आउट’ करतात आणि ‘फिल अप’ही करतात; आत, बाहेर आणि वर, तिन्हींचा अर्थ एकच. आम्ही अर्ज फक्त ‘भरतो’. आपण एका कार्यालयासाठी ‘अर्ज बाहेर भरा’ असं लिहिलंत. पेन्शनीचे एक आजोबा मग खरोखरच कागद घेऊन व्हरांड्यात गेले, उन्हात गुडघ्यावर वही ठेवून अर्ज भरला, आणि आत येऊन म्हणाले, ‘नियम म्हणजे नियम.’ ते आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. त्यांना यात काही विचित्र वाटलं नाही.

चुकीच्या शब्दावर हसून सोडता येतं. पण एका जागी मला आपला खरंच राग आला. पूजेच्या दिव्याबरोबर आलेल्या चिठ्ठीवर आपण लिहिलं होतं, ‘वापर झाल्यावर दिवा बाहेर ठेवा.’ मुळात ‘पुट आउट’. समजा आपल्याला इंग्रजी नीट येत असतं, तर आपण ‘विझवा’ लिहिलं असतं, आणि तरीही चुकला असतात. देवापुढचा दिवा विझवत नाहीत. मालवतात, किंवा शांत करतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायचं. डब्यातले तांदूळ संपले असं जुन्या घरात मोठ्याने कोणी म्हणत नसे. तांदूळ वाढले म्हणत. ‘रन आउट’ला आमच्याकडे वाढणं म्हणतात, आता काढा कोशातून! मराठीत काही क्रियांना सरळ नावाने हाक मारायची नसते. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. शेजारची गुजराती बाईही दारातून ‘आवजो’ म्हणते, म्हणजे परत या. इंग्रज अशा वेळी ‘आय ॲम ऑफ’ म्हणतो. त्याचं आपण केलेलं मराठी माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे: ‘मी बंद आहे’. उंबऱ्यावर उभं राहून हे बोलणाऱ्याला घरचे बाहेर पाऊल टाकू देणार नाहीत.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. मोल्सवर्थ आणि कँडी हे दोघे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. एकाचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला, दोघांच्या श्रमाचा इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये. कँडीसाहेबांच्या सरकारी गद्यावर पुढे मराठी लेखकांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं, आणि ते घेण्यासारखं होतंही. पण हे परके लोक पंडितांना पदरी बसवून, लोक काय बोलतात ते विचारून कोश करत होते. आपल्याला विचारायला पंडितही लागत नव्हता. खोलीतल्या कोणालाही ‘अगं, हे घालून बघ’ला इंग्रजीत काय म्हणतात असं उलट विचारलं असतं तरी भागलं असतं. हा उलटा रस्ता आपल्याला सुचला नाही, कारण आपण इंग्रजी वाक्यापासून निघता आणि इंग्रजी वाक्यातच मुक्कामाला पोचता. मराठी अक्षरं हा फक्त प्रवासातला पोशाख.

तेव्हा आता कामाचं. ‘लॉग आउट’ला हात लावू नका, ते आम्हांला कळतं, आमच्या आयांनाही कळतं. ‘बॅकअप’चं ‘मागे वर’ करून माझे फोटो घाबरवू नका. ‘ट्राय ऑन’ म्हणजे घालून बघा, ‘ट्राय आउट’ म्हणजे वापरून बघा, ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढा, ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून घ्या, आणि ‘थ्रो अवे’ म्हणजे टाकून द्या. हा शेवटचा आधी आपल्या जुन्या फायलींवर करून बघावा. ‘गिव्ह इन’ आणि ‘गिव्ह अप’ यांत गोंधळ झाला तर पहिल्याला नमतं घेणं म्हणतात आणि दुसऱ्याला हात टेकणं. ‘पुट अप विथ’ हे आपल्याला सगळ्यांत अवघड जाईल. तीन शब्द आहेत, आणि आपण नेहमीप्रमाणे तिन्ही वेगवेगळे उचलून ‘सोबत वर ठेवा’ असं काहीतरी कराल. त्याचं मराठी ‘खपवून घेणे’. इतकी वर्षं आम्ही ते आपल्याबाबत करत आलो, म्हणून शब्द चांगला पाठ आहे. यापुढे करणार नाही.

आपला,
घडियाळी पोळेतला एक ग्राहक